नवी नोकरी आणि पगारावरचा कर: अंदाजाची शंभर वर्षं

मुंबईत नव्या नोकरीवर रुजू झालं की पहिल्या सॅलरी स्लिपवर साधारण तीन कपाती दिसतात: प्रॉव्हिडंट फंड, प्रोफेशन टॅक्स आणि टीडीएस, म्हणजे पगार देतानाच कापला जाणारा आयकर. पीएफ आपल्याच खात्यात जातो, तो समजतो. प्रोफेशन टॅक्सचे दोनशे रुपये कोणी फार मनावर घेत नाही. गोंधळ होतो तो टीडीएसचा. एकाच पगारावर, एकाच महिन्यात रुजू झालेल्या दोघांपैकी एकाचा कर कापला जातो, दुसऱ्याचा शून्य. कोणाचा डिसेंबरपर्यंत काहीच कापला जात नाही आणि मार्चच्या पगाराला एकदम मोठी कात्री लागते. एचआरकडून ‘सिस्टीमने काढलंय’ एवढंच उत्तर मिळतं. त्या सिस्टीममागचा नियम मात्र संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे.

भारतात आयकर आला तो १८५७ च्या उठावानंतर. सरकारी तिजोरी रिकामी झाली होती आणि ती भरायला इंग्लंडहून जेम्स विल्सन हे वित्त सदस्य म्हणून आले. चार्टर्ड बँकेचे संस्थापक तेच. त्या बँकेची मुंबईतली शाखा १८५८ मध्येच उघडली होती. २४ जुलै १८६० रोजी त्यांचा आयकर कायदा झाला. वर्षाला २०० ते ५०० रुपये मिळवणाऱ्यांना दोन टक्के, त्याहून जास्त मिळवणाऱ्यांना चार टक्के. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांनी उघड विरोध केला म्हणून त्यांना परत बोलावण्यात आलं, आणि विल्सन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात वारले. पाच वर्षांसाठी आणलेला हा कर १८६५ मध्ये संपला. पुढची वीस वर्षं तो कधी आला, कधी गेला. कायमचा ठरला तो १८८६ च्या कायद्याने. त्यात उत्पन्नाचे चार भाग केले होते आणि पहिला भाग होता पगार आणि पेन्शनचा. शेतीचं उत्पन्न त्यातून वगळलं गेलं.

तेव्हा हा कर कोणाला लागत होता, हे बघण्यासारखं आहे. १८८६ मध्ये वर्षाला ५०० रुपयांखालच्या उत्पन्नाला सूट होती. १९०३ मध्ये ती मर्यादा १,००० झाली, १९१९ मध्ये २,०००. दोन हजार म्हणजे महिन्याला सुमारे १६७ रुपये. परळ-लालबागच्या बहुसंख्य गिरणी कामगारांचा पगार तेव्हा दोन आकडी होता. म्हणजे भोंग्यावर उठणाऱ्या मुंबईला आयकर ठाऊकच नव्हता. तो फोर्टमधल्या कचेऱ्यांतल्या साहेबांचा आणि वरच्या पगाराच्या मोजक्या नोकरदारांचा विषय होता. ज्यांच्यासाठी ही पद्धत आखली गेली ते थोडे होते, एकेका नोकरीत वर्षानुवर्षं टिकून राहणारे होते, आणि त्यांचा वर्षाचा पगार एप्रिलमध्येच जवळजवळ पक्का सांगता येत होता.

अशा काळात १९२२ चा आयकर कायदा आला. त्याच्या कलम १८ ने पगार देणाऱ्यावर जबाबदारी टाकली: पगार देतानाच कर कापायचा, आणि तो कर्मचाऱ्याच्या ‘पगार’ या सदराखालच्या अंदाजित उत्पन्नाला लागू होणाऱ्या दराने कापायचा. ब्रिटनमध्ये पगारातून कर कापण्याची आजची पद्धत १९४४ मध्ये सुरू झाली; आपल्याकडे मालकाने कर कापायचा हा नियम त्याच्या बावीस वर्षं आधीचा. सरकारला तो सोयीचा होता. हजार लोकांच्या मागे फिरण्यापेक्षा एका कंपनीकडून वसुली सोपी. १९६१ चा कायदा १ एप्रिल १९६२ पासून लागू झाला तेव्हा हीच तरतूद कलम १९२ म्हणून त्यात आली. वर्षाच्या अंदाजित पगारावर जेवढा कर येईल त्याचा सरासरी दर काढायचा आणि तो दर महिन्याच्या पगाराला लावायचा.

यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत आणि नव्या नोकरीतला बहुतेक गोंधळ त्यांतूनच निघतो. पहिली म्हणजे वर्ष. ते १ एप्रिल ते ३१ मार्च असंच धरलं जातं. सरकारी आर्थिक वर्ष एप्रिलपासून मोजायची रीत १८६७ पासूनची. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये रुजू झालेल्या फ्रेशरचा वर्षाचा पगार म्हणजे सहा महिन्यांचा पगार. ऑफर लेटरवर सीटीसीचा (कंपनी तुमच्यावर करणार असलेल्या एकूण खर्चाचा) आकडा बारा महिन्यांचा असला तरी कर अर्ध्या वर्षावरच बसतो. म्हणून पहिल्या मार्चपर्यंत टीडीएस शून्य असू शकतो आणि एप्रिलपासून, पगार तोच असताना, हातात येणारी रक्कम कमी होऊ शकते. कंपनीने फसवलं असं त्या पोरांना वाटतं. तसं काही झालेलं नसतं.

दुसरी गोष्ट जास्त महाग पडते. अंदाज बांधणाऱ्या मालकाला फक्त आपण दिलेला पगार दिसतो. वर्षाच्या मध्यात नोकरी बदलली की दोन मालक, दोन अंदाज; आणि प्रत्येक जण कर्मचाऱ्याला पूर्ण वर्षाची करमुक्त मर्यादा आणि पूर्ण स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांना मिळणारी सरसकट वजावट) देऊन मोकळा होतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीतला हिशेब बघा. अंधेरीतल्या एका कंपनीत महिना १ लाख पगार आहे. कंपनी वर्षाचे १२ लाख धरते, ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन वजा करते, उरतात ११.२५ लाख. १२ लाखांपर्यंत रिबेट, म्हणजे करात माफी, असल्याने कर शून्य. सप्टेंबरअखेर ती नोकरी सोडून बीकेसीत दीड लाखाच्या पगारावर रुजू झालात. नवी कंपनी सहा महिन्यांचे ९ लाख धरते, तिच्या हिशेबातही कर शून्य. दोन्हीकडे एक रुपयाही कापलेला नाही. पण वर्षाचा खरा पगार ६ अधिक ९, म्हणजे १५ लाख. डिडक्शन एकदाच, म्हणून करपात्र १४.२५ लाख. त्यावर कर ९३,७५० आणि चार टक्के सेस (करावरचा जादा आकार) धरून ९७,५०० रुपये. जुलैमध्ये रिटर्न भरायला सीएकडे गेल्यावर हा आकडा समोर येतो, वर व्याज वेगळं.

कायद्याला ही फट दिसली नव्हती असं नाही. आधीच्या मालकाकडचा पगार आणि कापलेला कर यांचा तपशील कर्मचारी नव्या मालकाला देऊ शकतो, आणि मग नव्या मालकाने दोन्ही पगार एकत्र धरून कर कापायचा, अशी तरतूद १९८० च्या दशकात कलम १९२ मध्ये झाली. त्यासाठी ‘फॉर्म १२बी’ आला. वरच्या उदाहरणात हा फॉर्म ऑक्टोबरमध्येच दिला असता, तर तेच ९७,५०० रुपये दरमहा १६,२५० असे सहा महिन्यांत कापले गेले असते. पण फॉर्म देणं कर्मचाऱ्याच्या मर्जीवर ठेवलेलं आहे, आणि अनेक जण तो देत नाहीत. जुना पगार नव्या साहेबाला कळू नये हे त्याचं एक कारण, आणि मला ते रास्त वाटतं. पगारवाढीची घासाघीस करून आलेल्या माणसाला ती माहिती उघडी करायची नसते. अशा माणसाने स्वतः अ‍ॅडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष संपण्याआधीच हप्त्यांनी भरायचा कर, भरावा, कारण टीडीएस वजा जाता वर्षाची देणी १०,००० रुपये किंवा जास्त होत असतील तर तो भरावाच लागतो. नव्याने रुजू होताना ही गोष्ट कोणी सांगत नाही. इंडक्शनमध्ये कॅन्टीनच्या वेळा कळतात, हे कळत नाही. एचआरने पहिल्याच दिवशीच्या कागदांत असा फॉर्म ठेवला तर कितीतरी लोकांचा मनस्ताप वाचेल.

नोकरदारांची जुनी तक्रारही इथे नोंदवायला हवी: धंदेवाला खर्च वजा करून कर भरतो, आमचा मात्र हातात येण्याआधीच कापला जातो. १९७३-७४ मध्ये सर्वात वरच्या थराचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. १९७४ मध्ये पगारदारांसाठी स्टँडर्ड डिडक्शन आलं, २००५ च्या अर्थसंकल्पाने ते काढून घेतलं, आणि २०१८ मध्ये ४०,००० रुपयांवर ते परत आलं. पुढे ५०,००० झालं आणि २०२४ पासून नव्या प्रणालीत ७५,०००. नवी प्रणाली २०२० च्या अर्थसंकल्पातली. २०२३-२४ पासून, तुम्ही काही सांगितलं नाही तर तीच लागू होते. त्यामुळे रुजू होताना ‘ओल्ड की न्यू’ हे विचारलं जातं तेव्हा गप्प राहणं हेही एक उत्तर ठरतं. मुंबईत मोठं भाडं भरणाऱ्याने तर आधी हिशेब मांडून बघावा, कारण जुन्या प्रणालीत घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी मूळ पगाराच्या पन्नास टक्क्यांपर्यंतची मर्यादा ज्या चार महानगरांना होती, त्यांत मुंबई आहे. नव्या प्रणालीत ही सवलत नाही.

त्या दोनशे रुपयांची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते. प्रोफेशन टॅक्स केंद्राचा नाही, महाराष्ट्राचा आहे. १९७२ च्या दुष्काळात हाताला काम मागणाऱ्या लाखो लोकांसाठी वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली, आणि तिला पैसा पुरवण्यासाठी १९७५ मध्ये हा कर लावला गेला. फोर्टमधल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले रुपये दुष्काळी तालुक्यातल्या पाझर तलावावरच्या मजुरीला लागले. राज्यघटनेने या कराची कमाल मर्यादा वर्षाला २५० रुपये ठेवली होती, १९८८ च्या दुरुस्तीने ती २,५०० झाली. म्हणून महाराष्ट्रात अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात. एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असणाऱ्या महिलांना हा कर नाही. अशा पगाराच्या मुलीच्या स्लिपवर तो दिसला तर तिने जरूर विचारावं.

कापलेला टीडीएस कंपनीने पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारकडे भरायचा असतो, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. तो पॅनवर जमा दिसतो. पॅन दिला नसेल आणि पगार करपात्र असेल, तर किमान २० टक्के दराने कपात होते, हा नियम २०१० पासूनचा. कंपनीने पगारातून कर कापला पण भरलाच नाही, तर तेवढ्या रकमेसाठी कर्मचाऱ्याकडे मागणी करता येत नाही, असं १९६१ च्या कायद्याचं कलम २०५ सांगतं. म्हणून दर महिन्याची सॅलरी स्लिप जपून ठेवावी. कर कापला गेल्याचा पुरावा तीच असते.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला. पगारावरची कपात त्यात कलम ३९२ मध्ये गेली आणि ‘मागील वर्ष’ आणि ‘करनिर्धारण वर्ष’ यांऐवजी ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आली. अंदाजित उत्पन्न, सरासरी दर आणि आधीच्या नोकरीची माहिती कर्मचाऱ्याने स्वतः पुरवणं, ही मांडणी मात्र तिथेही तशीच आहे. २०२५-२६ च्या पगाराचं रिटर्न जुन्या कायद्यानुसारच भरायचं आहे.