घशात अडकणं वेगळं, छाती दाबली जाणं वेगळं

मूल गुदमरलं म्हटलं की प्रत्येकाचा हात आधी त्याच्या पाठीकडे जातो. शेंगदाणा किंवा नाणं घशात अडकलं असेल तर ते बरोबरच आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला पाठीवर ५ थापा, मग छातीवर ५ दाब. त्याहून मोठ्याला पाठीवर ५ थापा, मग पोटावर ५ दाब. हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून पुढे जाते.

पण अंगावर कपाट कोसळलेल्या किंवा रिव्हर्स येणाऱ्या गाडीखाली सापडलेल्या मुलालाही लोक त्याच थापा मारतात, वर पाणी पाजतात. कृपा करून हे थांबवा. इथे श्वासाची वाट मोकळी असते, छातीचा भाताच दाबला गेलेला असतो. ओझं उचला, मान न हिसकता मुलाला बाजूला घ्या, १०८ला फोन करा. छाती दबून असं गुदमरण्याला डॉक्टर ट्रॉमॅटिक अ‍ॅस्फिक्सिया म्हणतात.

खरा घोळ होतो तो रंगावरून. घास अडकल्यावर ओठ निळे पडतात, कारण रक्तात ऑक्सिजन कमी झालेला असतो. वाट मोकळी झाली की रंग परततो. छाती दबलेल्या मुलाचा मात्र चेहरा आणि मान जांभळी, सुजलेली, बारीक लाल ठिपक्यांनी भरलेली दिसते. डोळ्यांचा पांढरा भाग लालभडक होतो. छातीखालचं अंग बऱ्याचदा नेहमीच्याच रंगाचं असतं. वजन पडताना मूल घाबरून श्वास कोंडून धरतं, आणि हृदयाच्या उजव्या बाजूचं रक्त उलटं वर ढकललं जातं. डोक्यामानेच्या शिरांत त्याला अडवणाऱ्या पुरेशा झडपा नसतात, म्हणून तो दाब थेट बारीक केशवाहिन्यांवर येतो आणि त्या फुटतात. पॅरिसच्या गर्दीत चेंगरून मेलेल्यांचे असेच चेहरे ऑलिव्हिए या फ्रेंच डॉक्टरने १८३७ साली नोंदवले होते.

हे रक्त त्वचेत उतरलेलं असतं. ऑक्सिजन लावला तरी चेहरा लगेच उजळत नाही; कधी दोन-तीन आठवडे लागतात. नातेवाईकांना वाटतं, उपचार लागू पडत नाहीत. कुणी लाल डोळे पाहून डोक्याला मार लागला असं धरून बसतं आणि छाती विसरतं. चेहरा किती भेसूर दिसतो यावरून धोका ठरत नाही. छाती किती वेळ दबली होती आणि आत काय दुखावलं, यावर ठरतो.

‘एक्स-रेमध्ये बरगडी शाबूत आहे, न्या घरी’ हे ऐकलं की माझा जीव वरखाली होतो. लहान मुलांच्या बरगड्या लवचिक असतात. त्या वाकून पुन्हा जागेवर येतात, आणि आत फुफ्फुस किंवा यकृत ठेचलेलं राहतं. मूल बोलतंय, रडतंय तरी दवाखान्यात देखरेखीखाली राहू द्या. ते किती मिनिटं दबलं होतं आणि शुद्ध हरपली होती का, हे डॉक्टरांना आधी सांगा.

ओझं काढल्यावरही मूल हलत नसेल, श्वास घेत नसेल, तर ‘छाती आधीच दबलीय, अजून कशी दाबू?’ म्हणून थांबू नका. सीपीआर, म्हणजे छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देणं, लगेच सुरू करा.