जिवाणूंमधील प्रथिनांची नियंत्रित मोडतोड : पार्श्वभूमी

ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूमधली प्रथिने एकदा घडली की टिकून राहतात, हे मत १९५५ च्या सुमारास रूढ झाले. त्यामागचा प्रयोग चोख होता. जुनी प्रथिने किरणोत्सारी गंधकाने चिन्हांकित केली, मग पेशींना बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम नव्याने तयार करायला लावले. नव्या एन्झाइममध्ये जुना गंधक जवळजवळ आलाच नाही. चूक निष्कर्षात झाली. मोजमाप झपाट्याने वाढणाऱ्या पेशींचे होते आणि तेही सगळ्या प्रथिनांचे मिळून. उपाशी पेशींत तासाला सुमारे ५ टक्के प्रथिने मोडतात, हे १९५८ मध्ये दिसले. शिवाय सरासरीत अल्पायुषी प्रथिने लपतात. उष्णताघाताचे (अचानक तापमान वाढल्यावर लागणारे) जनुक चालू करणारा सिग्मा-३२ हा प्रथिन-घटक मिनिटभरातच निम्मा होतो, पण पेशीत त्याचे रेणूच इतके थोडे की एकूण आकड्यात त्याचा मागमूस लागत नाही. हा धडा आजही पुरेसा गांभीर्याने घेतला जात नाही.

पेप्टाइड बंध तोडायला ऊर्जा लागत नाही, तरी लॉन हा प्रोटीएज (प्रथिने तोडणारे एन्झाइम) एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जा पुरवणारे रेणू, खर्च करतो, हे १९८१ मध्ये सिद्ध झाले. कारण १९९७ मध्ये क्लप-पी या दुसऱ्या प्रोटीएजच्या रचनेत स्पष्ट दिसले: सात-सात घटकांची दोन कडी, तोडणारी १४ केंद्रे आतल्या पोकळीत आणि प्रवेशद्वार जेमतेम १ नॅनोमीटरचे. घडी घातलेले प्रथिन त्यातून शिरत नाही. त्याच्या जोडीदार क्लप-एक्सचे सहा घटकांचे कडे एटीपी खर्चून घडी उलगडते आणि साखळी आत ओढते. म्हणजे नियंत्रण तोडण्यात नाही, निवडीत आहे. अडकलेल्या रायबोसोमवरच्या (प्रथिने घडवणाऱ्या यंत्रणेवरच्या) अर्धवट साखळीला ११ अमिनो आम्लांची शेपटी जोडली जाते (१९९६) आणि ती मोडतोडीची खूण ठरते. तिच्या टोकाची दोन अॅलॅनिन बदलून अॅस्पार्टिक आम्ल घातले, तर प्रथिन बरेच टिकते. म्हणून प्रयोगात तुलनेसाठी कंट्रोल म्हणून ही बदललेली शेपटी वापरावी.

प्रथिनाचा अर्धायू (ते निम्मे व्हायला लागणारा वेळ) मोजताना क्लोरॅम्फेनिकॉलने (मिलिलिटरला साधारण १०० मायक्रोग्रॅम) नवे उत्पादन थांबवतात आणि ०, २, ५, १०, २० मिनिटांचे नमुने थेट गार टीसीएमध्ये (ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्लात) टाकतात, अंतिम प्रमाण १० टक्के. नुसत्या बर्फावर मोडतोड मंदावते, पण थांबतेच असे नाही. नागपुरात मे महिन्यात खोली ४० अंशांवर गेली की कूलिंग नसलेला वॉटर बाथ ३० अंशांवर राहतच नाही. तो फक्त तापवू शकतो. पेशींना उष्णताघात बसतो, लॉन आणि क्लप-पी वाढतात आणि प्रथिन आहे त्याहून अल्पायुषी भासते. उलट बीएल२१ या ई. कोलायच्या प्रयोगशाळेतल्या स्ट्रेनमध्ये लॉन नसतोच, त्यामुळे तिथे दिसलेला टिकाऊपणा इतर स्ट्रेनमध्ये गृहीत धरू नये.

क्षयाच्या जिवाणूत याखेरीज प्रोटिएझोम ही प्रथिने मोडणारी आणखी एक यंत्रणा आहे आणि तिच्याकडे जाणाऱ्या प्रथिनांवर ६४ अमिनो आम्लांचा ‘पप’ हा छोटा प्रथिन-टॅग चिकटवला जातो (२००८). वाढीसाठी मात्र क्लप-पी१ आणि क्लप-पी२ दोन्ही अत्यावश्यक ठरले, त्यामुळे औषधसंशोधनाचा रोख तिकडे वळला. एडेप गटातली प्रतिजैविके बॅसिलससारख्या जिवाणूंत क्लप-पीचे दार सताड उघडून पेशीविभाजनाला लागणारे एफटीएस-झेड हे प्रथिन फस्त करवतात. मायकोबॅक्टेरियात तीच औषधे उलगडणाऱ्या कड्याला क्लप-पीशी जुळू देत नाहीत आणि आवश्यक मोडतोड अडवून पेशी मारतात.