पाड सी इव आणि कढईतले पाणी

तांदळाच्या रुंद, मऊ नूडल्स, अंडे, चिकन आणि काळपट सोया सॉस यांपासून होणारा ‘पाड सी इव’ हा थाई पदार्थ घरी करून पाहणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते: चव साधारण जमते, पण हॉटेलातला तो किंचित करपलेला, धुरकट स्वाद येत नाही आणि नूडल्सचा गोळा होतो. मग सॉसचे ब्रँड बदलून पाहिले जातात. माझ्या मते दोष सॉसचा क्वचितच असतो. बहुतेक वेळा तो कढईतल्या पाण्याचा असतो.

थाई भाषेत ‘पाड’ म्हणजे परतलेले आणि ‘सी इव’ म्हणजे सोया सॉस. हा दुसरा शब्द आणि मोठ्या आचेवर परतण्याची रीत या दोन्ही गोष्टी चिनी स्थलांतरितांबरोबर थायलंडमध्ये आल्या. ती मोठी आच हीच घरची खरी अडचण आहे. २५ अंशांचे एक ग्रॅम पाणी १०० अंशांपर्यंत तापवायला ७५ कॅलरी उष्णता पुरते, पण त्याची वाफ व्हायला आणखी सुमारे ५४० कॅलरी लागतात. जिन्नस ओला आहे तोवर त्याच्या पृष्ठभागाचे तापमान शंभराच्या आसपासच अडून राहते. खमंगपणा देणारी माइलार्ड अभिक्रिया, जिचे वर्णन लुई कामीय माइलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले, ती मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे वेग घेते.

चौघांचे नूडल्स एकदम टाकले आणि त्यांतून, भाजीतून व चिकनमधून मिळून १०० ग्रॅम पाणी सुटले, असे धरू. घरची शेगडी दोन किलोवॅटची आणि तिची निम्मी उष्णता कढईत पोचते असे मानले, तर एवढे पाणी उडायला पावणेचार मिनिटे लागतात. तेवढा वेळ नूडल्स परतले जात नाहीत, शिजत राहतात. हॉटेलातल्या शेगडीची ताकद दहापट किंवा त्याहूनही अधिक असू शकते, त्यामुळे तिथे हेच काम काही सेकंदांत उरकते.

म्हणून घरी एका वेळी एकच ताट करावे. पाणी चौथाई झाले की वेळ मिनिटाच्या आत येतो. जाड लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवावी (नॉनस्टिक नको, २६० अंशांच्या पुढे तिचा थर खराब होऊ लागतो), भाजी धुऊन कोरडी पुसावी आणि नूडल्स पसरून अर्धा मिनिट अजिबात हलवू नयेत. सराईत आचारी फ्राइड राइस सेकंदाला जवळजवळ तीन वेळा उडवतात, असे २०२० च्या एका अभ्यासात मोजले गेले. पण मंद शेगडीवर त्यांची नक्कल केली, तर कढई फक्त थंड होते.

सॉस शेवटी, तापलेल्या कडेवरून सोडावा. थाई काळ्या सोया सॉसमध्ये उसाची मळी असते. तो नसेल तर साध्या डार्क सोया सॉसमध्ये चमचाभर काकवी चांगली चालते.

राहिला गोळ्याचा प्रश्न. ताज्या नूडल्सची पाती आपल्या सालपापडीसारखीच, तांदळाचे पातळ पीठ पसरून वाफवलेली असतात. फ्रिजमध्ये त्यांतल्या स्टार्चचे रेणू पुन्हा घट्ट जुळतात आणि पाती कडक होऊन तुटतात. वाफेवर मिनिटभर धरल्यास ती जुळणी सैल होते. मग तेलाचा हात लावून, पट्ट्या एकेक सोडवूनच कढईत टाकाव्यात.