भारतातलं रोइंग: साहेबांच्या क्लबातून जवानांच्या बोटीत

रोइंग म्हटलं की आपल्याकडे लोकांना एकतर केरळची वल्लम कळी, म्हणजे लांब होड्यांची शर्यत, आठवते नाहीतर तलावात भाड्याने मिळणारी होडी. स्पर्धेचं रोइंग वेगळं, २००० मीटरची सरळ रेस, लांब अरुंद बोट, सरकणारी सीट आणि खेळाडूची पाठ फिनिश लाइनकडे.

हा खेळ इथे आणला इंग्रजांनी, तोही स्वतःच्या करमणुकीसाठी. कलकत्ता रोइंग क्लब १८५८ चा, मद्रास बोट क्लब १८६७ चा, आणि पुण्यात बंडगार्डनजवळचा रॉयल कॉनॉट बोट क्लबही त्याच काळातला. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब १९२८ पासून आहे, मुळेच्या पाण्यावर त्यांची रेगाटा, म्हणजे बोटींचा सोहळा, आजही होते. पण एकूण मामला क्लबातलाच राहिला, मेंबरशिप ज्याला परवडेल त्याचा खेळ. देशपातळीवर फेडरेशन व्हायला १९७६ उजाडलं यातच सगळं आलं.

१९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये रोइंग पहिल्यांदा आलं. रेस झाल्या जयपूरजवळच्या रामगढ तलावात, जो पुढे आटला, म्हणजे आपल्याकडे खेळाचं पाणीसुद्धा टिकत नाही!

खरा बदल सैन्यामुळे झाला असं माझं स्पष्ट मत आहे. बोट परदेशातून आणायची, महाग, वर रोज दोन वेळा ट्रेनिंग आणि त्याला पुरेल एवढा खुराक, हे सगळं घरून कोण देणार? सैन्यात पगार, जेवण, बोट, कोच सगळं एका जागी मिळतं, आणि उंच, दमदार पोरं तर भरतीतच सापडतात. पुण्यात दापोडीला सीएमईमध्ये, म्हणजे सैन्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, आर्मी रोइंग नोड हे ट्रेनिंग सेंटर आहे, तिथला पाण्याचा चॅनेल रेसच्या मापाने बांधलेला. ऑलिंपिकला आपले रोअर पहिल्यांदा गेले ते २००० मध्ये सिडनीला, कासम खान आणि इंदरपाल सिंग, पेअरमध्ये, म्हणजे दोघांची बोट आणि प्रत्येकाला एकच वल्हं. मग २०१० ला ग्वांगझूत बजरंगलाल ताखरने सिंगल स्कल्समध्ये (एकटा खेळाडू, दोन वल्ही) रोइंगमधलं एशियाडचं आपलं पहिलं गोल्ड काढलं. पोरगा राजस्थानातल्या सीकरचा बरं का, जिथे प्यायच्या पाण्याची मारामार. त्याच एशियाडला प्रतिमा पुहाना आणि प्रमिला मिंज यांनी मुलींच्या पेअरमध्ये ब्राँझ आणलं, त्याची चर्चा फारच कमी झाली.

आणि आपला दत्तू भोकनळ. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, दुष्काळी गाव, विहिरी खणायच्या कामावर जाणारा पोरगा २०१२ ला सैन्यात लागला, तोवर रोइंग कशाशी खातात हे माहीत नव्हतं आणि पाण्याची भीतीच होती, आणि चारच वर्षांत रिओ ऑलिंपिकला भारताचा एकमेव रोअर तोच! आई तेव्हा अपघातानंतर आजारी. क्वार्टरफायनलला चौथा आला, पहिले तीनच पुढे जाणार होते, शेवटी १३ वा नंबर. २०१८ च्या एशियाडला पालेम्बांगमध्ये सिंगलला तब्येत बिघडलेली, शेवटचा आला, लोकांनी नावं ठेवली असतील नसतील, दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत क्वाड्रपल स्कल्सचं, म्हणजे चौघांच्या बोटीचं, गोल्ड.

टोकियो ऑलिंपिकला अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग लाइटवेट डबलमध्ये (दोघांची बोट, खेळाडूंच्या वजनाला मर्यादा) ११ वे आले, हाँगझू एशियाडला पाच मेडल्स मिळाली, त्यात या जोडीचं सिल्व्हर. पॅरिसला बलराज पंवार एकटाच गेला, २३ वा.

आता गोची अशी की लाइटवेट प्रकारच ऑलिंपिकमधून गेला, पॅरिस शेवटचं. आपल्या पोरांना तोच त्यातल्या त्यात जमत होता, कारण ओपनमध्ये, म्हणजे वजनाची मर्यादा नसलेल्या प्रकारात, युरोपातले सहा-साडेसहा फुटी धिप्पाड गडी असतात. लॉस एंजेलिसला त्याच्या जागी बीच स्प्रिंट आहे, म्हणजे वाळूवर पळायचं, बोटीत उडी मारायची आणि समुद्राच्या लाटांवर वल्हवायचं. किनारा आपल्याकडे भरपूर आहे, पण आत्तापर्यंतचं सगळं ट्रेनिंग तलावाच्या नाहीतर चॅनेलच्या शांत पाण्यावरचं, त्यामुळे या प्रकाराला बरंचसं शून्यातून सुरू करावं लागणार.