नर की मादी? पिल्लाची पाठच सांगते

टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो आणि गोलसर अंड्यातून तलंग, असं आजही अनेकजण छातीठोकपणे सांगतात. कोणी अंड्यावर दोऱ्याला बांधलेली अंगठी धरतं आणि ती कशी फिरते ते बघतं. यात काडीचंही तथ्य नाही. अंड्याला आकार आणि कवच येतं त्याच्या आधीच आतल्या जिवाचं लिंग ठरलेलं असतं.

ते ठरवते कोंबडी. माणसात पित्याच्या शुक्रपेशीवर मुलगा की मुलगी हे अवलंबून असतं, पक्ष्यांत नेमकं उलट. कोंबड्याकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. आईचा झेड मिळाला तर पिल्लू नर, डब्ल्यू मिळाला तर मादी.

पिसांवर पांढरे आडवे पट्टे उमटवणारं जनुक याच झेडवर बसलेलं आहे. ते रंगपेशींचं काम मध्येच थांबवतं, म्हणून पिसात काळा पट्टा, पांढरा पट्टा असा क्रम येतो. आता गंमत बघा. शुद्ध पट्टेरी जातीत नराकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात. मादीकडे एकच, कारण तिच्याकडे झेडच एक! दुप्पट मात्रेमुळे नर जास्त फिका होतो.

काळ्या लवेच्या पिल्लात हा फरक डोक्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यापुरता दिसतो आणि तोही फसवतो. केंब्रिजमध्ये १९३०च्या सुमारास रेजिनाल्ड पनेट (शाळेतल्या 'पनेटच्या चौकोना'चे तेच) आणि मायकेल पीज यांनी हे जनुक सोनेरी कॅम्पाइन जातीत आणलं आणि कॅम्बार ही पहिली ऑटोसेक्सिंग जात (जिच्यात पिल्लाच्या लवेवरूनच नर-मादी ओळखता येतात) घडवली. पुढे तपकिरी लेगहॉर्न जातीपासून लेगबार ही अशीच जात आली. तपकिरी पिल्लाच्या पाठीवर गडद रेघा असतात. एका मात्रेत त्या टिकतात, दोन मात्रांत पुसट होतात. मादी रेघांची, नर फिकट.

अशी जात घडवताना खरी मेख शेवटच्या पायरीत आहे. पट्टेरी आणि बिनपट्टेरी जातींच्या संकरातून आलेल्या पट्टेरी नराकडे जनुकाची एकच प्रत असते. त्याला पट्टेरी मादी दिली की प्रत्येक मुलाला आईकडून एक प्रत मिळतेच, बापाकडून मात्र निम्म्यांनाच. दोन प्रतींचे हे निम्मे मुलगेच पुढच्या पैदाशीसाठी ठेवायचे. एकदा जात शुद्ध झाली की खूण पिढ्यान्‌पिढ्या टिकते. साध्या 'सेक्स-लिंक' संकरात (दोन वेगळ्या जातींच्या जोडीतून आलेल्या, रंगावरून नर-मादी कळणाऱ्या पिल्लांत) ती एका पिढीपुरती असते. ते संकर स्वतंत्र जात म्हणून विकणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका.

पण नुसत्या रेघा बघून पैदास केली की कळप आजारी पडतो. मोजक्याच पक्ष्यांत पिढ्यामागून पिढ्या जोड्या लावल्या तर अंडी कमी उबतात, पिल्लं कमकुवत निघतात. खूण स्वच्छ असली तरी वारंवार आजारणारा नर पैदाशीला नको. बाहेरून नवं रक्त आणाच, पण नवा पक्षी तीन-चार आठवडे वेगळा ठेवा. मॅरेक्स या कोंबड्यांत गाठी आणणाऱ्या रोगाचा विषाणू पिसांच्या धुळीतून पसरतो. लस पहिल्याच दिवशी दिली की गाठी टळतात, संसर्ग मात्र टळत नाही, त्यामुळे लस दिलेला धडधाकट पक्षीही तो पसरवू शकतो. खाली अंथरलेला भुसा ओला राहिला तर रक्ती हगवणीचे परजीवी एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात. लव गळून पिसं आली की पाठीवरच्या रेघाही जातात, म्हणून पिल्लं सुकताच निवाडा करून पायात रंगीत कडी घाला.