शिकणारा बॉट आणि शोधणारा बॉट: ‘एआयचे बॉट बंद केले’ म्हणजे नेमकं काय बंद केलं?

‘एआयचे बॉट बंद केले, तरी चॅटजीपीटी माझ्या लेखाची लिंक दाखवतोय.’ ‘एआयचे बॉट बंद केले आणि आता पर्प्लेक्सिटी या एआय-शोधयंत्रात आमच्या साइटचं नावच येईना.’ साइट बनवणारी, चालवणारी मंडळी या दोन तक्रारी पुन्हा पुन्हा घेऊन येतात आणि दोन्हींचं मूळ एकच असतं. बॉट म्हणजे साइटची पानं आपोआप उचलणारा प्रोग्रॅम, आणि ‘एआयचा बॉट’ या एका नावाखाली दोन अगदी वेगळी कामं करणारे बॉट कोंबलेले असतात. एक मॉडेलला शिकवण्यासाठी मजकूर नेतो. दुसरा कुणाच्या तरी प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी मजकूर शोधतो. एकाला हाकलायला गेलं की दुसराही जातो, नाहीतर ज्याला हाकलायचं होतं तोच मागे राहतो.

गूगल सर्चसाठी पानं नेणारा गूगलबॉट कसा चालतो हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालू. रोबोट्स.टीएक्सटी, म्हणजे कोणत्या बॉटने साइटवर कुठे जावं हे सांगणारी फाइल, १९९४ पासून प्रथेने पाळली जाते, २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ या इंटरनेट-मानकाच्या दस्तऐवजात तिचे नियम रीतसर लिहिले गेले. फाइल डोमेनच्या मुळाशीच हवी, प्रत्येक सबडोमेनला स्वतंत्र हवी, पोटफोल्डरात टाकलेली कुणी वाचत नाही. ही फाइल म्हणजे दारावरची पाटी आहे, कुलूप नव्हे. एवढं पुरे.

आता मुद्द्याचं.

शिकणारा बॉट तुमचं पान उचलतो आणि मजकूर एका प्रचंड साठ्यात जातो. पुढे कधीतरी त्या साठ्यावर मॉडेल शिकतं. तुमचं वाक्य तिथे वाक्य म्हणून राहतंच असं नाही, आणि उत्तर देताना मॉडेल ‘हे अमुक साइटवरून शिकलो’ असं सांगू शकत नाही. म्हणजे या बॉटमुळे तुमच्याकडे वाचक येत नाही. शिवाय आज पाटी लावली तर ती आजपासून लागू. आधी नेलेला मजकूर त्या पाटीमुळे परत येत नाही. ‘जीपीटीबॉट अडवून महिना झाला, तरी चॅटजीपीटीला आमच्या संस्थेचा इतिहास कसा माहीत?’ याचं उत्तर इथे आहे (जीपीटीबॉट हा चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयचा शिकणारा बॉट).

शोधणारा बॉट गूगलबॉटच्या जातीचा. तो इंडेक्स (पानांची शोधसूची) बनवतो, प्रश्न आला की त्यातून पानं काढतो, उत्तराखाली लिंक देतो. लिंकवर कुणी टिचकी मारली तर वाचक तुमच्याकडे येतो. याला अडवलं की परिणाम लवकर दिसतो: ओपनएआयच्या सांगण्यानुसार रोबोट्स.टीएक्सटीतला बदल त्यांच्या शोधात उतरायला साधारण २४ तास लागतात.

तिसराही एक आहे आणि त्याला या दोघांत धरू नका. कुणी चॅटमध्ये तुमची लिंक चिकटवून ‘याचा सारांश दे’ म्हटलं की त्या क्षणी, त्या एका पानासाठी येणारा. तो साइटभर हिंडत नाही. माणसाने सांगितलं म्हणून येतो, आणि त्यामुळेच काही कंपन्या त्याला रोबोट्स.टीएक्सटी लागू नाही असं मानतात. पर्प्लेक्सिटी आपल्या पर्प्लेक्सिटी-यूजरबद्दल तसं उघड सांगते, ओपनएआयही चॅटजीपीटी-यूजरबद्दल हे नियम लागू होतीलच असं नाही म्हणते. क्लॉड हा चॅटबॉट बनवणारी अँथ्रॉपिक मात्र आपले तिन्ही बॉट फाइल पाळतात असं सांगते.

नावं एकदा नीट लावून घ्या. ओपनएआयचा शिकणारा जीपीटीबॉट, शोधणारा ओएआय-सर्चबॉट, माणसाच्या सांगण्यावरून येणारा चॅटजीपीटी-यूजर. अँथ्रॉपिकचे त्याच क्रमाने क्लॉडबॉट, क्लॉड-सर्चबॉट, क्लॉड-यूजर. पर्प्लेक्सिटीबॉट शोधासाठी आहे, शिकवण्यासाठी नाही असं ती कंपनी सांगते. सीसीबॉट हा कॉमन क्रॉल या ना-नफा संस्थेचा. तो कुठल्याही चॅटबॉटचा नाही म्हणून अनेक जण त्याला सोडून देतात. पण त्याचा साठा कुणालाही उतरवून घेता येतो. २०२० च्या जीपीटी-३ च्या शिक्षणात ६० टक्के वजन कॉमन क्रॉलच्या गाळून घेतलेल्या मजकुराला होतं. जीपीटीबॉट अडवून सीसीबॉट मोकळा ठेवणं म्हणजे पुढचं दार लावून परसदार उघडं टाकणं.

आणि आता गूगल. सगळ्यात जास्त माणसं इथे अडखळतात, म्हणून इथे जरा थांबू.

२८ सप्टेंबर २०२३ ला गूगलने गूगल-एक्स्टेंडेड आणलं. नाव बॉटसारखं आहे, फाइलीत लिहायचंही बॉटसारखंच. पण गूगल-एक्स्टेंडेड नावाचा बॉट नाही. तो कधीच तुमच्या सर्व्हरवर येत नाही. पानं गूगलचे नेहमीचेच बॉट नेतात आणि फाइलीतली ती ओळ फक्त एवढंच सांगते की नेलेला मजकूर जेमिनी या गूगलच्या एआयच्या पुढच्या मॉडेलांना शिकवायला आणि जेमिनीच्या उत्तरांना आधार म्हणून वापरू नका. त्यामुळे सर्व्हरच्या लॉगमध्ये (भेटींच्या नोंदीत) हे नाव शोधून ‘बघा, अडवल्यापासून एकदाही आला नाही’ असं म्हणण्यात अर्थ नाही. तो आधीही आलेला नव्हता. अ‍ॅपलबॉट-एक्स्टेंडेडची गोष्ट तीच: येतो तो अ‍ॅपलबॉट, ‘एक्स्टेंडेड’ ही फक्त वापराबद्दलची सूचना.

याहून मोठा गैरसमज पुढे आहे. गूगलच्या निकालांवर जे एआयने लिहिलेलं उत्तर दिसतं, ते गूगल-एक्स्टेंडेड अडवून थांबत नाही. ते उत्तर गूगल सर्चचा भाग आहे आणि गूगलबॉटने बनवलेल्या इंडेक्समधून येतं. सर्चमधल्या तुमच्या स्थानावर गूगल-एक्स्टेंडेडचा परिणाम होत नाही असं गूगल सांगतं, तेव्हा त्याची दुसरी बाजूही ऐकायला हवी: सर्चमध्ये एआय जे करतं, त्यावरही होत नाही. गूगलबॉट अडवला तर निकालांतली जागाच धोक्यात येते.

त्या एआय-उत्तरात मजकूर जाऊ द्यायचा नसेल तर हत्यारं वेगळी आहेत. पानाच्या कोडमधल्या मेटा रोबोट्स टॅगमध्ये ‘नोस्निपेट’ लिहिलं की त्या पानाचा उतारा तिथे वापरला जात नाही, पण नेहमीच्या निकालातल्या दोन ओळीही जातात आणि उरतो नुसता मथळा. ‘मॅक्स-स्निपेट’ने किती अक्षरं दाखवायची ती मर्यादा घालता येते. माझी पसंती ‘डेटा-नोस्निपेट’ला आहे. हा गुण स्पॅन, डिव्ह किंवा सेक्शन या टॅगना लावता येतो, म्हणजे पानाचा तेवढाच भाग झाकला जातो. पाककृतीचं पान असेल तर प्रस्तावना उघडी ठेवा, प्रमाणं आणि कृती झाका. वाचकाला पानावर येण्याचं कारण उरतं.

इथे आणखी एक जुना घोळ नव्याने उगवतो. ज्या पानावर ‘नोइंडेक्स’ (शोधात दाखवू नका) किंवा ‘नोस्निपेट’ लिहिलंय, तेच पान रोबोट्स.टीएक्सटीत अडवलं, तर बॉटला तो टॅग वाचताच येत नाही. आत येऊ नको म्हणायचं आणि आतल्या भिंतीवर सूचना लिहायची, असं होतं. रोबोट्स.टीएक्सटीतच ‘नोइंडेक्स’ लिहिण्याची युक्ती तर गूगलने १ सप्टेंबर २०१९ पासून मानणं सोडलंय. तरी ती ओळ एका साइटवरून दुसरीकडे चिकटवणं थांबलेलं नाही.

चिकटवण्यावरून आठवलं. शंभर-दीडशे बॉटांची तयार यादी उचलून फाइलीत ओतण्याची सवय मला अजिबात पटत नाही. त्या यादीत शिकणारे, शोधणारे, बंद पडलेले, सगळे एका रांगेत असतात. आपण काय अडवलं हे यादी लावणाऱ्यालाच माहीत नसतं. आठ-दहा नावांची, समजून लिहिलेली फाइल हजारपटीने बरी.

ती लिहितानाही दोन खड्डे आहेत. समजा तुम्हाला जीपीटीबॉट अडवायचाय आणि ओएआय-सर्चबॉटला येऊ द्यायचंय. अनेक जण पहिल्या ओळीत ‘यूजर-एजंट: ओएआय-सर्चबॉट’ एवढंच लिहितात (यूजर-एजंट म्हणजे बॉटचं नाव, प्रत्यक्ष फाइलीत अर्थातच इंग्रजी अक्षरांत), खाली काही नियम नाही, कारण त्यांच्या मते नियम नाही म्हणजे मोकळीक. मग एक रिकामी ओळ, मग ‘यूजर-एजंट: जीपीटीबॉट’, आणि खाली ‘डिसअलाउ: /’, म्हणजे पूर्ण साइट बंद. नियमाप्रमाणे रिकामी ओळ गट तोडत नाही. लागोपाठ आलेल्या यूजर-एजंट ओळी एकाच गटात धरल्या जातात. म्हणजे तुम्ही दोघांनाही अडवलंत. पहिल्या नावाखाली ‘अलाउ: /’ लिहा, म्हणजे गट वेगळा होतो.

तसं लिहिलं की दुसरा खड्डा. वर ‘यूजर-एजंट: *’ या तारांकनाच्या गटात तुम्ही सगळ्यांसाठी कच्च्या मसुद्यांचा फोल्डर अडवून ठेवलाय. बॉटला स्वतःच्या नावाचा गट सापडला की तो तारांकनाचा गट बघतच नाही. दोन्ही गटांची बेरीज होत नाही. ओएआय-सर्चबॉटला आता ‘सगळं उघडं’ एवढंच दिसतं, मसुद्यांसकट. जे नियम हवेत ते त्या नावाखाली पुन्हा लिहावे लागतात. आणि खरंच गुप्त ठेवायचं असेल ते पासवर्डमागे ठेवा, कारण रोबोट्स.टीएक्सटी कुणीही उघडून वाचू शकतो.

वर्डप्रेसवाल्यांसाठी थोडं. वर्डप्रेस स्वतःहून जी रोबोट्स.टीएक्सटी दाखवतं, ती डिस्कवर नसते, मागितली की तयार होते. तुम्ही त्याच नावाची खरी फाइल मुळाशी चढवलीत की सर्व्हर तीच देतो आणि प्लगइनमधून केलेले बदल दिसेनासे होतात. ‘बदल केला पण लागत नाही’ यामागे बहुधा हेच असतं. सर्च इंजिनांना परावृत्त करण्याचा जो चौकोन सेटिंगमध्ये आहे, तो ५.३ आवृत्तीपासून फाइलीत काही अडवत नाही, पानांवर नोइंडेक्स लावतो. म्हणजे तो शिकणाऱ्या बॉटांसाठी नाहीच.

मराठी साइट असेल तर पत्त्यांकडेही बघा. देवनागरीतला एकेक वर्ण पत्त्यात तीन बाइटांचा होतो आणि टक्क्याच्या चिन्हाच्या (%) सांकेतिक लिपीत नऊ चिन्हं खातो. काना-मात्राही वेगळी मोजली जाते. वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये पत्त्याच्या या भागाला २०० ची मर्यादा आहे, म्हणजे जेमतेम २२ वर्ण. लांब मराठी मथळ्याचा पत्ता मध्येच तुटतो आणि तुम्ही फाइलीत पूर्ण मथळ्याचा मार्ग अडवलेला असेल तर तो कशालाच जुळत नाही. ब्राउझरमधून पत्ता जसाच्या तसा उचला, हाताने टाइप करू नका.

एलएलएमएस.टीएक्सटी या नव्या फाइलीबद्दल एवढंच: २०२४ चा तो एक प्रस्ताव आहे, मॉडेलांना साइटचा सोपा नकाशा देण्याचा. ती काहीही अडवत नाही.

मग कुणाला अडवायचं? मालवणजवळच्या एखाद्या होमस्टेची साइट असेल तर शोधणारे बॉट उघडे हवेतच. ‘तारकर्लीजवळ चार जणांसाठी राहायची सोय’ असं कुणी चॅटमध्ये विचारलं आणि तुमचं पान त्या इंडेक्समध्ये नसलं, तर नुकसान तुमचंच. खोल्या, दर, फोन या माहितीतून मॉडेल शिकलं तरी तुमचं काही जात नाही. दिवाळी अंकाचा संग्रह असेल तर उलट. कथा-कवितांचे हक्क लेखकांचे, तेव्हा शिकणारे सगळे बॉट, सीसीबॉट धरून, अडवा. शोधणाऱ्यांना अनुक्रमणिका आणि लेखकांची पानं उघडी ठेवा म्हणजे अंक सापडेल. जालावर चांगलं मराठी गद्य मुळात थोडं आहे आणि ते सरसकट बंद झालं तर मॉडेलांचं मराठी अनुवादाच्या वळणाचंच राहील, ही काळजी मलाही वाटते. पण दुसऱ्याच्या कथेचा निर्णय संपादकाने लेखकाला न विचारता घेऊ नये.

शेवटी पडताळणी. साइटच्या पुढे उभी राहणारी क्लाउडफ्लेअर ही सेवा वापरत असाल तर आधी तिथे जा. १ जुलै २०२५ पासून तिथे नव्याने जोडलेल्या डोमेनवर एआयचे क्रॉलर मुळातच अडवलेले असतात. तो अडथळा तुमच्या सर्व्हरच्या आधी येतो. फाइलीत मोकळीक असूनही बॉटला ४०३ (प्रवेश नाही) मिळतो आणि तुमच्या लॉगमध्ये त्याची खूणही उमटत नाही. ते त्यांच्याच सुरक्षा-नोंदींत दिसतं. मग रोबोट्स.टीएक्सटीचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडा आणि २०० (फाइल मिळाली) हा प्रतिसाद येतोय का बघा. ४०४ (फाइल नाही) आला तर गूगल ‘काहीच बंदी नाही’ असं धरतं, सर्व्हर ५०० च्या घरातली चूक देत असेल तर सुरुवातीला ‘सगळं बंद’ असं धरून थांबतं. एक दिवस जाऊ द्या, मग लॉग चाळा. आणि लॉगमध्ये जीपीटीबॉट हे नाव दिसलं म्हणून लगेच ओपनएआयवर घसरू नका. ते नाव कुठलीही स्क्रिप्ट लावू शकते. ओपनएआय तिन्ही बॉटांच्या आयपी पत्त्यांच्या याद्या प्रसिद्ध करते, त्यांच्याशी ताडून बघा. यादीत नसलेला आयपी असेल तर त्याला रोबोट्स.टीएक्सटीत नव्हे, फायरवॉलमध्ये अडवा.