गाडीभाड्यावर जीएसटी कशाला? आमचं बिल वाचताना

कॉम्प्रेसरचं बिल हातात पडलं की पहिला प्रश्न ठरलेला: "मशिनवर कर समजला, पण पॅकिंगवर आणि भाड्यावर कशाला?"

केंद्रीय जीएसटी कायदा, 2017 च्या कलम 15 नुसार आपल्यात खरोखर ठरलेली किंमत हेच करपात्र मूल्य. छापील दराचा संबंध नाही. मात्र माल तुमच्या ताब्यात देईपर्यंत आम्ही जे करतो आणि त्याचे पैसे लावतो, तेही त्या किमतीतच धरावं लागतं.

समजा, मशिन 1,00,000 रुपये. बिलातच दाखवलेली सूट 5,000 वजा, पॅकिंग 1,200, गाडीभाडं 3,800. करपात्र रक्कम पुन्हा 1,00,000. त्यावर 18 टक्के, एकूण 1,18,000.

"भाड्याचं बिल वेगळं फाडा, कर वाचेल," असं सांगणारे पुष्कळ भेटतात. वाचत नाही. माल पोहोचवायची जबाबदारी आमची असेल, तर कागद दोन केले तरी भाड्याला मशिनचाच दर लागतो. सौदाच आमच्या गेटवर माल उचलण्याचा असेल, गाडी तुम्ही ठरवली आणि भाडं तुम्ही दिलं, तर ते आमच्या बिलात येणार नाही. पण मग त्या भाड्यावर आरसीएमखाली (सेवा देणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने कर भरायची पद्धत) कर तुम्हालाच भरावा लागू शकतो, तेव्हा आधी तुमच्या सीएंना विचारा.

सगळ्यात जास्त वाद एक्स्चेंजमध्ये होतो. नवा कॉम्प्रेसर 80,000 चा, जुन्याचे 12,000 धरले, तुम्ही दिले 68,000. कर 80,000 वरच, कारण जुना न देणाऱ्याला नवा तेवढ्यालाच पडतो. जुनं मशिन हाही मोबदलाच आहे, फक्त रोख नाही. कटकटीचं वाटतं खरं, पण नियम असाच आहे.

पेमेंट लांबलं आणि व्याज लागलं, तर त्यावरही कर येतो. तो व्याज जमा झाल्यावर आम्ही डेबिट नोटने (वाढीव रकमेच्या पूरक बिलाने) लावतो. बिलानंतर दिलेली सूट कायद्याच्या अटींत बसली तरच कर कमी होतो, आणि तेवढं क्रेडिट (खरेदीवरच्या कराची तुम्ही घेतलेली वजावट) तुम्हाला उलटवावं लागतं.

"सगळं धरून 1,18,000" असा सौदा झाला, तर काही जण त्यातून 18 टक्के वजा करून 96,760 काढतात. ते चूक. 118 ने भागून 100 ने गुणा, 1,00,000 येतात. म्हणून पीओवर (खरेदी ऑर्डरवर) दर 'करासह' आहे की 'कर वेगळा', एवढं लिहाच.